सगळे घरी आहेत

गजभिये मॅडम प्रयोगशाळेत आल्या की आधी वास घ्यायच्या. पर्स टेबलावर ठेवण्याआधी, पंखा लावण्याआधी, मला "काय सेलोकर भाऊ, बरं आहे ना?" असं विचारण्याच्याही आधी. सरळ कोपऱ्यातल्या फ्रीजपाशी जायच्या, खालच्या कप्प्यातला एक डबा काढायच्या, झाकण जरासं कलतं करायच्या आणि त्यात नाक घालायच्या. आतून सडक्या अंड्याचा असा भपकारा यायचा की दारात उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरायचा. मॅडमचा चेहरा मात्र खुलायचा. झाकण गच्च लावून त्या म्हणायच्या, "हं. वास येऊन राहिला. सगळे घरी आहेत."

त्या डब्यात चिखल होता. काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ चिखल, रत्नागिरीकडच्या कुठल्याशा खाडीतून, खारफुटीच्या झाडांच्या मुळांतून काढून आणलेला. 'घरी' असायचे ते त्यातले जिवाणू. कामाचे डबे वेगळे असत, त्यांना त्या कुणाला हात लावू देत नसत. हा एक डबा फक्त वास घेण्यापुरता, शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवून खुशाली विचारावी तसा.

मी त्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, काचा पुसणारा, कुणाची परीक्षानळी फुटली तर आधी शिव्या खाणारा माणूस. मूळचा बपेऱ्याचा, घरी धानाची शेती. कामासाठी तुमसरला खोली करून राहत होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं, आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तात्पुरता लागलो होतो आणि मॅडमही तात्पुरत्याच, तासिका तत्त्वावर. माझी जागा साहेबाच्या मर्जीवर होती. त्यांची जागा त्या चिखलावर होती. पीएच.डी. झाली की जागा पक्की, असं त्यांना तोंडी सांगितलं गेलं होतं. विद्यापीठातल्या नोंदणीची मुदत संपायला तेव्हा वर्षभर उरलं होतं.

रसायनशास्त्राचे एक सर रोज नाकाला रुमाल लावून आमच्या दारावरून जायचे. एकदा थांबून म्हणाले, "काय मॅडम, गटार उघडलं का?"

"गटार नाही सर, खाडी आहे," मॅडम म्हणाल्या. "गटारात फेकलेलं असते. खाडीत सांभाळलेलं असते."

वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या, मध्येमध्ये इंग्रजी. वर्ग सुटला की चिखल्याच्या व्हायच्या. चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचं गाव. त्यांचे वडील तिथे जमिनीखाली काम करायचे. आजोबांनी दीक्षा घेतलेली, वडील खाणीत लागले, आणि या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत शिकून एम.एस्सी. झाल्या. अंगण काळं, ओटा काळा, वडिलांचा रुमाल काळा. "मले काळ्याची घाण कधी वाटलीच नाही भाऊ," असं त्या सांगायच्या. "कॉलेजची सहल कोकणात गेली तेव्हा पोरी सगळ्या समुद्र पाहाले पळाल्या. मी चिखलात जाऊन बसली. सर म्हणे, ही पोरगी हरवली का काय!"

मला त्यांचं काम समजावं असा त्यांचा हट्ट होता. मला कशाला समजायला हवं? बाटली धुवायला ज्ञान लागत नाही. पण त्या सोडायच्या नाहीत. एकदा वहीतून त्यांनी एक वाळकं पान काढलं, तिवराच्या झाडाचं. उलटं करून माझ्यासमोर धरलं. "चाटा."

"काय?"

"चाटा म्हटलं ना. विष नाही देऊन राहिली मी तुम्हाले."

चाटलं. खारट होतं. झाड समुद्राचं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं, हे मला तेव्हा कळलं. मग त्या खाली बसून पुढचं सांगू लागल्या, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या डब्यातली आंबाडीची भाजी खात. "हे पान एक दिवस चिखलात गळते. आपण म्हणतो, गळलं, संपलं. संपलं नाही भाऊ, पान पडल्यावरच काम सुरू होते. हे जिवाणू त्याले खातात, मऊ करतात. ते मऊ झालेलं खेकडे खातात, झिंगे खातात. त्यांच्यावर मासे जगतात, माशांवर कोळी जगतात. काही जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाच्या मुळाले देतात. बाजारात मासा दिसते, हे कोणाले दिसत नाहीत."

"मग हा वास कायचा?"

"तो त्यांचा श्वास. खाली चिखलात हवा नसते ना. वरचे हवेवर दम घेतात. त्याच्या खालचे मँगनीजवर, त्याच्या खालचे लोखंडावर, आन पार खालचे समुद्राच्या पाण्यातल्या गंधकावर. गंधकवाल्यांचा हा वास."

मी विचारलं, आमच्या गावच्या बोडीतही काळा गाळ आहे, त्याला एवढा वास का नाही? बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. त्या इतक्या खूश झाल्या की माझी भाजी संपवून टाकली. म्हणाल्या, "बोडीत खारं पाणी नाही, म्हणून गंधकवाले कमी. तिथे दुसरी वस्ती. उन्हाळ्यात बोडीतून बुडबुडे निघतात ना, ते त्यांचे. पाहा, तुम्हाले सगळं समजते. उगाच येडं घेऊन पेडगावले नका जाऊ."

त्यांचं काम त्या मँगनीजवाल्यांवर होतं. चिखल्याच्या पोरीनं दुसरं काय शोधायचं? काचेच्या नळ्यांत त्या मँगनीजची काळी-तपकिरी पूड टाकायच्या, त्यात खाडीच्या चिखलाचा थेंब सोडायच्या आणि नळी हवाबंद करायच्या. काही आठवड्यांनी काळा रंग विरत विरत नाहीसा व्हायचा. जिवाणूंनी त्यावर दम घेतलेला असायचा.

एकदा त्यांचे वडील प्रयोगशाळेत आले होते. हडकलेला, सतत खोकणारा माणूस. चप्पल दाराबाहेर काढून आत आले. मॅडमनी त्यांच्यापुढे दोन नळ्या धरल्या, एक काळी आणि एक निवळलेली.

"हे काळं कुठं गेलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्यांनी घेतलं बाबा. त्याच्यावर दम घेतात ते. हवा नाही लागत त्यांले."

म्हाताऱ्यानं निवळलेली नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग खोकला थांबवून म्हणाला, "तीस वर्षं खाली होतो मी, ह्याच काळ्यात. आमाले नाई जमलं बा हे." आणि हसला. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, पोरीच्या नावापुढं डॉक्टर कधी लागते?" मी म्हटलं, "आता एवढा शेवटचा चिखल आला की लागते." मला काय माहीत होतं? बोलून गेलो.

तो शेवटचा चिखल एप्रिलच्या अखेरीस आला. मॅडम तिसऱ्यांदा कोकणात जाऊन आल्या. ओहोटीची वेळ साधून, गुडघाभर चिखलात उतरून सहा डबे भरून आणले. काठोकाठ भरलेले, आत हवेला जागा नाही, झाकणावर चिकटपट्टी, थर्माकोलच्या पेटीत बर्फ. तो बर्फ त्या वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनावर बदलत आल्या होत्या. जुना चिखल आतापर्यंत वापरून संपला होता, वास घ्यायचा डबासुद्धा. या सहा डब्यांवर शेवटची मोजणी व्हायची होती.

चौथ्या दिवशी चिखल्याहून निरोप आला, वडील सीरियस आहेत. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या होत्या, कॉलेजात मी आणि चौकीदार एवढेच. मॅडमनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली. "भाऊ, डबे जपा. खराब होऊ देऊ नका. ह्याच्यावरच आहे सगळं." एवढं बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली. कॉलेजच्या बाजूची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती आणि दोन दिवस कोणी फिरकलं नाही. फ्रीज गरम झाला. डब्यांची झाकणं फुगल्यासारखी वाटायला लागली, वास दार ओलांडून व्हरांड्यात आला. चौकीदार म्हणाला, "सडलं जी तुमचं." चिखल्याला फोन कुठे करायचा, आणि करून सांगायचं काय? तिथे बाप मरणाच्या दारात.

आता जे केलं ते सांगतो. आमच्याकडे एखादी गोष्ट जपायची म्हणजे तिला ऊन दाखवायचं. धानाला ऊन, डाळीला ऊन, मोहफुलांना ऊन, मिरचीला ऊन. उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढतात तोही आधी वाळवतात, मग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकतात. ओला गाळ कोणी बांधीत टाकत नाही. माझ्या बापानं मला शाळेच्या आधी हे शिकवलं होतं. सडायला लागलेली वस्तू वाचवायची दुसरी तऱ्हा मला ठाऊकच नव्हती. मी ते सहाही डबे सायकलवर बपेऱ्याला घरी आणले. शेवंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पेरणीसाठी बिजाईचं धान स्लॅबवर ऊन द्यायला पसरलं होतं. त्याच्याच बाजूला वर्तमानपत्रं अंथरली आणि खाडीचा चिखल पसरून दिला. सहा डब्यांचे सहा वेगळे ढीग, चिठ्ठ्यांवर दगड. ढेकळं हातानं फोडली, दोन-दोन तासांनी परतलीसुद्धा. मी कधी कुठलं काम इतकं मन लावून केलं नसेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाळ छान भुरभुरीत झाला. शेवंता धान सावडायला वर आली, म्हणाली, "वास गेला ना जी आता?"

"गेला," मी म्हटलं, खुशीत. आणि तसाच उभा राहिलो.

वास येऊन राहिला म्हणजे घरी आहेत. मग वास गेला म्हणजे?

हवा ज्यांना सोसत नाही त्यांना मी वैशाखाच्या उन्हात तीन दिवस वाळत घातलं होतं. मी खाली आलो. बादलीत पाणी घेतलं, खाडीचं पाणी खारं असतं म्हणून त्यात मूठभर मीठ टाकलं, आणि तो गाळ पुन्हा भिजवून, कालवून, सहा डब्यांत भरला. चिकटपट्टी लावली, चिठ्ठ्या लावल्या आणि डबे फ्रीजमध्ये नेऊन ठेवले. तोवर लाइट आली होती. वाळवणं ही माझी चूक होती. भिजवणं ही चूक नव्हती, ती लबाडी होती. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

मॅडम परतल्या त्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून. वडील गेले होते. पांढरी साडी, डोळे कोरडे. मी दोन शब्द बोलायचे म्हणून पाठ करून ठेवले होते, ते राहून गेले. त्या सरळ फ्रीजपाशी गेल्या, डबा काढला, झाकण कलतं केलं, नाक लावलं. दुसरा डबा, मग तिसरा. सहावा डबा खाली ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"कोणी नाही घरी," त्या म्हणाल्या.

"लाइट नव्हती मॅडम," मी म्हणालो. "दोन दिवस. डीपी जळाली."

लाइट खरंच नव्हती. त्या "हं" म्हणाल्या, आणि मी तिथेच सुटलो असं समजलो.

त्यांनी तरी नळ्या लावल्या. जून गेला, जुलै गेला. काळं तसंच काळं राहिलं. त्या रोज एकेक नळी उजेडात धरून बघायच्या आणि परत ठेवायच्या. मी बाटल्या धूत राहायचो. आधी दुपारी तीनला मी वेगळ्या ठेवलेल्या बीकरमध्ये चहा मांडायचो आणि त्या अर्धा कप घ्यायच्या. आता "नको भाऊ" म्हणायच्या. मला वाटायचं, बाप गेल्याचं दुःख आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी मार्गदर्शकांना पत्र लिहिलं आणि मलाच पोस्टात टाकायला दिलं. मी टाकलं. पुन्हा कोकणात जायला रजा उरली नव्हती. वडिलांचं क्वार्टर रिकामं करायचं होतं, आई आणि धाकटा भाऊ आनंद यांची सोय लावायची होती. नोंदणीची मुदत संपली. पुढच्या वर्षी ती पक्की जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याच यादीत माझं नाव होतं. मी पक्का झालो. प्राचार्यांनी पेढा दिला, तो मी खाल्ला.

त्या काळात मला काय वाटत होतं, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. काही वाटत नव्हतं. सकाळी येत होतो, संध्याकाळी जात होतो.

उरलेल्या चिखलाचं मॅडमनी काय केलं? फेकला नाही. एक काचेची मोठी बरणी आणली, लोणच्याची. सहाही डब्यांतला गाळ तिच्यात भरला. फळ्याच्या खडूची पूड, अंड्याचा पिवळा बलक आणि वर्तमानपत्राचे बारीक तुकडे मिसळले. वर खारं पाणी ओतलं आणि बरणी खिडकीत उजेडाला ठेवून दिली. "हा त्यांचा डबा-बिस्तरा," म्हणाल्या. "कोणी उरलं असेल तर येईल."

बरणीत पाच-सहा महिने काही झालं नाही. राखाडी गाळ, वर गढूळ पाणी. मी पुसायचो ती बरणी, धूळ बसू द्यायचो नाही. मग एका दुपारी काच पुसताना दिसलं, तळाशी जोंधळ्याच्या दाण्याएवढा काळा ठिपका. दुसऱ्या आठवड्यात तो बोटभर झाला. मॅडमना दाखवला. त्यांनी झाकण कलतं करून नाक लावलं आणि डोळे मिटले.

"आले," त्या म्हणाल्या. "दोन-चार जण आले."

माझ्या तोंडून तेव्हा निघून गेलं. "मॅडम, तो गाळ मी वाळवला होता. स्लॅबवर. तीन दिवस. लाइटीचं कारण खोटं सांगितलं."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "मले माहीत आहे."

"कसं?"

"दुसऱ्याच दिवशी धानाचा दाणा निघाला चिखलातून. मग आणखी एक. कोकणच्या खाडीत तुमच्या बपेऱ्याचं धान कुठून येईल, भाऊ?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग बोलल्या काहून नाही?"

"बोलून काय गाळ ओला होणार होता?" त्या म्हणाल्या. "तुमचं नाव घेतलं असतं तर तुमची तात्पुरती नोकरी गेली असती. माझा बाप तर गेलाच होता. तुमची बायको तेव्हा पोटुशी. मी पत्रात लिहून देलं, माझ्या निष्काळजीपणानं नमुने खराब झाले."

ते पत्र मी स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं होतं.

"राग नाही आला?"

"नाही कसा येईल? दोन महिने तुमचं तोंड पाहावं वाटत नव्हतं. तुमच्या हातचा चहा पेला नाही मी, तेही तुमच्या ध्यानात आलं नाही, बैलोबा!" मग त्या बरणीकडे बघत म्हणाल्या, "सगळेच मरत नसतात. काही जण वाळलं की कवच घेऊन दडून बसतात. पाणी मिळालं, अन्न मिळालं, आन हवा नसली की उठतात. पण आता यात खाडीचे किती आन तुमच्या स्लॅबवरचे किती, ते मीपण नाही सांगू शकत. म्हणून ते माझ्या कामाचे नाहीत. जिवंत आहेत, एवढंच." मग म्हणाल्या, "जा, चहा मांडा."

मी चहा मांडला. त्यांनी पूर्ण कप घेतला. मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. चढलाही नाही. कप विसळून ठेवले, एवढंच.

पुढे त्यांना आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळाली, जीवशास्त्र शिकवायला. डॉक्टर त्या झाल्याच नाहीत. तुमसरहून निघाल्या त्या दिवशी मी एसटीपर्यंत गेलो. बरणी त्यांनी ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे मॅडम, लोणचं?"

"पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या. "कोकणातले. अर्धे कोकणातले."

त्यानंतर इतकी वर्षं दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. मी उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सगळे घरी आहेत भाऊ." बरणीत तोवर थर बसले होते. तळाशी काळा, त्यावर जांभळा, त्यावर हिरवा, वर गंजासारखा लाल. शाळेची पोरं बघायला यायची म्हणे. एकदा मी म्हटलं, मॅडम, माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं. त्या म्हणाल्या, "तेच ते कायले घोकून राहिले? पान पडलं ते पडलं. पुढचं काम पाहा." आणि पोरांच्या परीक्षेचं विचारायला लागल्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी घरातच आडवा झालो. निभावलो, पण नाक गेलं. कांदा हुंगावा, कापूर हुंगावा, काही नाही. मॅडमचा फोन आला. "वास येते का?"

"नाही."

"येईल. घाई नका करू. दडून बसले असतील."

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. नागपूरच्या दवाखान्यात, कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. आनंदनं फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. शेवंता रडली. मी वरण-भात खाल्ला, त्यालाही वास नव्हता. आठ दिवस, महिना, दोन महिने, लोक विचारायचे, फार वाईट वाटलं असेल ना? मी हो म्हणायचो. खरं म्हणजे नाकासारखंच आतलंही काही चालत नव्हतं. रडू यावं म्हणून एकदा मुद्दाम त्यांचा आवाज आठवून पाहिला. नाही आलं.

पावसाळा संपता संपता आनंद स्कूटरवर ती बरणी घेऊन आला. "ताईनं सांगून ठेवलं होतं, हे सेलोकर भाऊलेच द्याजो म्हणून. खिडकीत ठेवा म्हणे, आन कोरडी पडू देऊ नका." चार महिने बंद खोलीत होती बरणी. पाणी आटून गाळाला वरून भेगा पडलेल्या, हिरवा थर करडा झालेला. बरणीवर चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात: 'खाडी आणि बपेरा.'

दोनदा तर मरायचे नाहीत ना हे माझ्या हातून? मी मिठाचं पाणी केलं, मोजून, त्या करायच्या तसं. खडू टाकला, बलक टाकला. खिडकीत ठेवली. रोज सकाळी झाकण कलतं करून नाक लावायचो. काही नाही. पण माझ्या नाकाला विचारून काय उपयोग? बरणी मेली की नाक मेलं, सांगणार कोण? शेवंताला विचारावं असं रोज वाटायचं आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. ती "नाही येत" म्हणाली असती तर?

काल सकाळी मी असाच खिडकीपाशी झाकण उघडून उभा होतो. शेवंता बाहेरून फुलं घेऊन आली आणि दारातच थबकली. पदर नाकाला लावला.

"अजी, काय सडून राहिलं घरात? अंडं फुटलं का काय? बाप्पा, कसा वास सुटला!"

"काय म्हणालीस?"

"वास! सडल्या अंड्याचा! नाक फाटून राहिलं माझं, आन तुमाले काही नाही!"

"पुन्हा सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. फुलं टाकून ती खिडकी उघडायला धावली.

"राहू दे," मी म्हणालो. "उघडू नको. सगळे घरी आहेत."